बाँड आणि पेढे

बिडकीनच्या कंपनीत लागताना मी तीन वर्षांच्या बाँडवर सही केली, ती न वाचताच. नोकरी मिळाल्याच्या आनंदात कोण वाचतं? कंपनीने मला चेन्नईला पाठवलं आणि यंत्राचे तयार भाग मोजून त्यातला केसापेक्षा बारीक फरक पकडायला शिकवलं. बदल्यात तीन वर्षं हलायचं नाही. हललात तर शिकवण्याचा सगळा खर्च भरायचा, आणि तोवर दहावीपासून डिप्लोमापर्यंतची माझी मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात.

दोन वर्षं उलटली आणि शहरातल्या सरकारी आयटीआयमध्ये निदेशक म्हणून माझी निवड झाली. शिकवायचं काम, आणि तेही घरापासून जवळ. मला दुसरं काहीच नको होतं. रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं आणि कंपनीने मोकळं केल्याचं पत्र दाखवायचं होतं. मुदत पुढच्या सोमवारपर्यंत.

एचआरच्या मॅडमनी थंडपणे सांगितलं, "आधी पूर्ण खर्च भरा, मग प्रमाणपत्रं."

"पूर्ण का? दोन वर्षं राबले ती कुठे गेली?"

"तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी चेन्नईला पाठवावं लागेल ना."

रागाने निघाले आणि दार आपटायला गेले, तर ते आपोआप हळूहळू बंद होणारं निघालं. तेवढंही समाधान नाही. घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता, कारण ती रक्कम आमच्या घरात कधी एकत्र आलेलीच नव्हती.

पप्पांचं मोंढा नाक्याजवळ दुचाकींचं गॅरेज आहे. मी सगळं सांगत होते आणि ते कार्ब्युरेटर पुसत होते. शेवटी म्हणाले, "त्यांनी तुला शिकवलं व्हय?"

"शिकवलं."

"नीट शिकवलं?"

"नीटच."

"मग पेढे दिले का त्यांना?"

मला आधी हसावं की रडावं कळेना. पप्पांच्या गॅरेजच्या दुनियेत एक रिवाज आहे. शिकलेला शागीर्द स्वतःच्या पायावर उभा राहायला निघाला की उस्तादाला पेढे देतो, पहिला पेढा आपल्या हाताने भरवतो. उस्ताद त्याला आपल्या हत्यारांतला एक पाना देतो, आणि दोघं मोकळे. पप्पा निघाले तेव्हा त्यांच्या उस्तादांनी सोळा-सतराचा पाना दिला होता. तो आजही गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला असतो, आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नाही. लहानपणी शाळा सुटली की मी तिथेच बसायचे. बाकी सगळे पाने मी उचलून द्यायचे, तो मात्र कधीच नाही.

"पप्पा, ती कंपनी आहे. गॅरेज नाही."

"माणसंच बसलेत ना तिथं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी "सोडतो तुला" म्हणून त्यांनी स्कूटर काढली. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट बघूनच मला शंका यायला हवी होती. कंपनीच्या फाटकाशी त्यांनी डिकीतून अर्धा किलो पेढ्यांचा पुडा काढला. मी म्हटलं, मेले आता. पप्पांनी रखवालदाराला जय भीम घातला, त्यानेही उलट जय भीम केला आणि आत फोन लावून दिला. मी काही बोलायच्या आत आम्ही एचआरच्या केबिनमध्ये होतो. तिथे प्लांटचे मोठे साहेबही बसलेले.

पप्पांनी पुडा टेबलावर ठेवला. "साहेब, पोरगी तुमच्याकडं शिकली. आता निघाली. तोंड गोड करा आन् मोकळी करा."

मॅडम पुड्याकडे असं बघायला लागल्या जणू आत काही जिवंत आहे. मी फरशी बघत होते. साहेब मात्र हसले. "काका, आम्ही तिच्यावर खर्च केलाय. ती निघून गेली तर आमच्याकडे काय राहिलं?"

"माझ्याकडची बी लई पोरं गेली, साहेब. लई वाईट वाटायचं. पण जाताना आपल्या जागी एखादं तयार करून जायची, म्हणून गॅरेज चालू हाय." मग पप्पा माझ्याकडे वळले. "तू कोणाला शिकवलं का नाय?"

"दोघांना," मी पुटपुटले. रात्रपाळीला मोजणीचं यंत्र चालवणारं कुणी नसायचं, म्हणून मीच शिकवलं होतं. पाना उचलून देता देता शिकायचं, बघणाऱ्याला सांगत जायचं, हीच सवय मला लागलेली. त्यात काही सांगण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

साहेबांनी मॅडमना विचारलं, "मग चेन्नईला पाठवायचंय कुणाला?"

साहेब माणूस सरळ होता, पण हातचं सोडणारा नव्हता. त्यांनी ठरवून टाकलं: बाँडचे जेवढे महिने उरले तेवढ्यांपुरताच खर्च धरायचा, तो माझ्या शेवटच्या पगारातून आणि साठलेल्या सुट्ट्यांतून कापायचा, आणि प्रमाणपत्रं आजच द्यायची. मला वाटलं, पगारच काय, स्कूटरही ठेवून घ्या! संध्याकाळी पत्र आणि प्रमाणपत्रांची फाईल हातात आली, तोवर पप्पा फाटकाशीच थांबले होते. किती दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला. येताना स्कूटरवर फाईल दोघांच्या मध्ये घट्ट धरली होती आणि मी मोठमोठ्याने काहीबाही गात होते. क्रांती चौकात सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघायला लागला तरी थांबले नाही.

पप्पा मात्र गप्प होते. गॅरेजशी उतरल्यावर मी विचारलं, "आता काय झालं?"

"पेढे ठेवून घेतले," ते म्हणाले, "पण पाना नाय दिला."

"पप्पा, कंपन्या पाने देत नाहीत!"

ते आत गेले. खिळ्यावरचा सोळा-सतराचा काढला, शर्टाच्या बाहीने पुसला. पांढऱ्या शर्टाला काळा पट्टा उमटला, तरी त्यांना भान नव्हतं. पाना माझ्या हातात ठेवून म्हणाले, "धर, माय. शिकवायला चालली ना?"

पाना वाटला होता त्यापेक्षा जड होता. चेन्नईला मी शिकले ते यंत्र. शिकायचं कसं आणि शिकवायचं कसं, ते मी कुठे शिकले हे मला त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं. आणि त्याचे पेढे मी कुणालाच दिले नव्हते.

फाईल त्यांच्याकडे दिली आणि म्हटलं, "थांबा, हात धुऊ नका, मीच भरवणार आहे." आणि मिठाईचं दुकान बंद व्हायच्या आत पळत सुटले.