झेंडूच्या पाटीवरचं चित्र

सुरगाण्याहून एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर कागदांची गुंडाळी होती. ती वाकू नये म्हणून मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "मोजणीचा नकाशा हाय का पोरी?"

"नाय बाबा, कोरे कागद हायेत."

"कोरे कागद नाशकात मिळत नायत का?" असं म्हणून ते झोपले. मला मात्र वणी येईपर्यंत तो प्रश्न पुरला. घरून काहीतरी घेऊन गेलं की धीर येतो, एवढंच खरं असावं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली पहिलीच. पुढे नाशकात राहून चित्रकला शिक्षकाचा कोर्स करावा असं माझ्या मनात वर्षभर होतं, पण बाबांपुढे बोलायला जीभ उचलत नव्हती. शेवटी बोलले, तेव्हा ते म्हणाले, "आधी जाऊन बघ. चित्रं काढणाऱ्या मानसांत तुला बरं वाटलं तर नाव घाल. नाय वाटलं तर इथं काय कमी हाय?" म्हणून हा प्रवास. मी स्वतःशी ठरवलं होतं की तिथे कुणी हसलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

वणीच्या पुढे डोंगर मागे पडतात आणि दिंडोरीला द्राक्षबागा सुरू होतात. ट्रॅक्टर फवारणी करत होते, बसभर औषधाचा वास भरला. आमच्याकडची भातं कापून झाली होती, इथे मात्र सगळं हिरवंगार. एकाच जिल्ह्यात दोन वेगळे ऋतू चालू असल्यासारखे वाटले.

नाशकात माझी मैत्रीण कविता राहते. ती आमच्याच पाड्यावरची (वस्तीवरची). पंचवटीत दोघीतिघींनी मिळून खोली घेतली आहे आणि ती एका औषधांच्या दुकानात काम करते. गोदाघाटावर दर रविवारी सकाळी काही लोक जमून चित्रं काढतात, कुणीही आलं तरी चालतं, ही बातमी तिचीच.

सकाळी निघताना मी अडखळले. "कविता, ते लोक इंग्रजी बोलत असतील गं."

"बोलू दे. चित्र काय इंग्रजीत काढतात? चप्पल घाल."

कविता मला घाटावर सोडून दुकानात गेली. रविवारचा घाट मला आवडला. ऊन अजून पुलाच्या कमानीत अडकलं होतं. कुणी कपडे आपटत होतं, कुणी पिंडदानाची तयारी करत होतं, पोरं पाण्यात सूर मारत होती. आणि या सगळ्यात पंधरावीस माणसं मांडीवर कागद लावलेल्या पाट्या घेऊन गप्प बसली होती, जणू त्यांनाही तिथलंच एखादं काम नेमून दिलं होतं. कॉलेजची मुलं होती, एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते, डबा घेऊन आलेली दोन कुटुंबं होती. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या शुभांगीताई सगळ्यांना ओळखत होत्या. मी नाव सांगितलं. "सुरगाणा? एवढ्या लांबून आलीस? चहा घे आधी," त्या म्हणाल्या.

सातपूरच्या कारखान्यात काम करणारा अनिकेत शेजारीच बसला होता. तो गंभीर चेहरा करून म्हणाला, "नव्या माणसाने पहिल्यांदा नदीतला तो दोन तोंडांचा पुतळा, दुतोंड्या मारुती, काढायचा. नियम आहे."

"खरंच?"

"आम्ही सगळ्यांनी काढला. सगळ्यांचा बिघडला. तेव्हापासून आमची दोस्ती आहे."

मारुतीभोवती आधीच पाचसहा जण होते. त्यांच्या डब्यांतले रंग पाण्यासारखे पातळ, हात सैल. माझ्याकडे पोस्टर कलरच्या बाटल्या. मला त्यांच्यात बसवेना. मी पायऱ्यांच्या कडेला झेंडू विकणाऱ्या एका मावशींसमोर जाऊन बसले आणि विचारलं, "तुमचं चित्र काढू का?"

"काढ. पन रिकामी बसू नको, ती पाटी धर जरा." त्यांनी आधी माझ्याकडून झेंडूची पाटी हलवून घेतली, मग निवडायला फुलं दिली. "आता काढ. आन् मला हलू नको म्हनशील तर जमायचं नाय, धंद्याची वेळ हाय." त्यांचं नाव कमलमावशी. मी चित्र काढेपर्यंत त्यांनी दोन गिऱ्हाइकांशी भांडण केलं आणि तिसऱ्याला मूठभर फुलं फुकट दिली.

मी जाड काळ्या रेघेत चेहरा काढला, कपाळावर मोठं कुंकू, आणि शेवटी डोळे.

तेवढ्यात शुभांगीताईंनी हाक मारली. यांची पद्धत अशी की शेवटी सगळ्यांनी आपापली चित्रं पायरीवर ओळीने मांडायची, कोपऱ्यांवर खडे ठेवायचे आणि दुसऱ्याच्या चित्राबद्दल बोलायचं. सगळ्यांनी मांडली. मी चित्र छातीशी धरून उभी राहिले.

"ठेव ना गं," शुभांगीताई म्हणाल्या.

"लाजू नकोस," अनिकेत म्हणाला. "माझी होडी बघ, डांबरी रस्त्यावरून चाललीय."

मी वाकले, पण हात खाली जाईना. सगळे बघत होते. शेवटी तोंडातून निघालं, "याचे डोळे काढून झालेत. आता खाली नाही ठेवता येत."

"ओले आहेत का अजून?" एका मुलीने अगदी काळजीने विचारलं.

मग सांगावंच लागलं. आमच्याकडे बोहाडा असतो (देवांचे लाकडी मुखवटे घालून नाचवण्याचा उत्सव). ते मुखवटे माझे बाबा रंगवतात. डोळे सगळ्यांत शेवटी. तोवर ते नुसतं लाकूड, कुठेही ठेवा. डोळे काढले की मुखवटा जमिनीला लावायचा नाही, अशी आमच्या घरची रीत.

"मग तू कुठला देव काढलास?" शुभांगीताईंनी विचारलं.

"देव नाही. या फुलवाल्या मावशी."

सगळे हसले. मी ज्याला घाबरून आले होते, ते हसू हेच. चित्र गुंडाळून सरळ स्टँड गाठावा असं वाटलं.

पण हसण्याने कमलमावशी उठून आल्या. "कोनाला हसताय रं? आन हिकडं." त्यांनी कागद लांब धरून पाहिला. "नाक माझ्या सासूचं लावलंस गं. बाकी मीच हाय." मग सगळ्यांकडे वळल्या. "जमिनीवर बसून माझा जन्म चाललाय, मला त्याचं काय नाय. पन पोरीच्या हाताला नको वाटतंय, तर नको." त्यांनी पायऱ्या उतरून चित्र आपल्या झेंडूच्या भरल्या पाटीवर ठेवलं आणि पाठीमागे तराजूचा टेका दिला.

आता ते बघायला सगळ्यांना पायऱ्या उतरून यावं लागलं. फुलं घ्यायला आलेली माणसंही थांबली. हसलेल्यांपैकीच एक जण, ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ, मला हळूच म्हणाले, "आम्ही तुला नाही हसलो बेटा. मावशींना देव केलंस, ते आवडलं." शुभांगीताई बराच वेळ बघत होत्या. "चेहरा पुलावरूनही ओळखू येईल," त्या म्हणाल्या. "पण बोटं? भेंड्या झाल्यात. पुढच्या रविवारी नुसते हात काढू."

पुढच्या रविवारी, असं त्या सहज म्हणून गेल्या. चुकीबद्दल कुणी इतक्या साधेपणाने बोलेल, असं मला वाटलं नव्हतं. नंतर सगळ्यांबरोबर मिसळ खाल्ली. तर्री (रश्श्यावरचं तिखट तेल) जास्त घेतल्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा अनिकेतने स्वतःचं दही माझ्याकडे सरकवलं. चित्र मात्र कमलमावशींनी दिलं नाही. "माझंच हाय ना? मग माझ्याकडंच राहील."

परतीच्या बसमध्ये मी विचार करत होते. शहरातल्या लोकांना माझं सगळं समजलं असं नाही. मलाही त्यांचं पातळ रंगांचं काम अजून कळत नाही. तरी समजून घ्यायला ते पायऱ्या उतरून आले होते.

घरी पोचले तेव्हा बाबा ओट्यावर होते. "काय म्हनाले लोक?"

"चेहरा चांगला म्हनाले. बोटं चुकली म्हनाले."

बाबा थोडा वेळ स्वतःच्या पंजाकडे बघत राहिले. "मुखवट्याला हात कुठं असतात? मी कधी काढलेच नाय, तुला कुठून येतील." मग म्हणाले, "हे मला शिकवता यायचं नाय. तिकडंच शीक. घाल नाव."

मी उरलेला एक कागद काढला. दिवेलागणीपर्यंत बाबा गुडघ्यावर हात ठेवून बसले आणि मी तो काढत राहिले. अंगठा अजून नीट आलेला नाही.