दुभाषी लेक

दर शनिवारी मी जपानात राहते त्या फुनाबोरीहून सायकल हाणत एका संस्थेच्या वर्गात गणित शिकवायला जाते. पेरू-बोलिव्हियाहून इथल्या कारखान्यांत आलेल्या कुटुंबांची ही मुलं. घरात स्पॅनिश, बाहेर जपानी. नववीनंतर बरीचशी शाळा सोडतात, म्हणून संस्था दरवर्षी काही जणांचा हायस्कूलचा सगळा खर्च उचलते.

त्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी निवडली गेली. आई बेन्तोच्या, म्हणजे जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात. आईचं जपानी 'अरिगातो'पाशीच, म्हणजे 'धन्यवाद'पाशीच संपायचं. निर्णय सांगायला दोघींना बोलावलं. मुलांकडून दुभाष्याचं काम करून घ्यायचं नाही, असा संस्थेचा नियम. पण त्या दिवशी दुभाषी बाई आजारी पडल्या, आणि मीच शहाणपणा केला. "पोरीला दोन्ही भाषा येतात, तीच सांगेल की!" मी पुण्याला कॉलेजात दोन वर्षं स्पॅनिश शिकले होते, पण ते इतकं गंजलं होतं की इथे कुणाला सांगायचीही लाज वाटे.

संचालक हसत जपानीत म्हणाले, "अभिनंदन! तीन वर्षांचा सगळा खर्च आमचा."

पोरीने आईकडे वळून शांतपणे स्पॅनिशमध्ये सांगितलं, "या वर्षीच्या जागा भरल्यात म्हणे. एप्रिलपासून मी कामाला लागते."

मी हादरलेच. आधी वाटलं, माझंच स्पॅनिश दगा देतंय. पण आईचे डोळे भरून आले. तरी बिचारीने वाकून वाकून आभार मानले. संचालकांना ते आनंदाश्रू वाटले! त्यांनी कौतुकाने टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

"नाही हो!" मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये ओरडले. "तिची निवड झालीय. खोटं सांगतेय ती!"

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "सेन्सेई," ती मला जपानीत म्हणाली, "आईचे हात कधी पाहिलेत? कारखान्यात गार सरकत्या पट्ट्यासमोर दिवसभर उभी असते ती. मी शिकत बसून तिला अजून तीन वर्षं उभं करू?"

मी खरंच पाहिले नव्हते. दोन वर्षं त्या पोरीला समीकरणं शिकवली, आणि तिच्या डोक्यात चाललेलं हे गणित मला कळलंच नव्हतं. आता ते हात टेबलावरच होते. बोटं सुजलेली, दोन तर सरळच होत नव्हती.

"काय म्हणाली ती?" आईने मला विचारलं. जमेल तसं मी सांगितलं.

मला वाटलं, आता पोरीच्या थोबाडीत बसणार. पण आईने डोळे पुसले आणि लेकीला म्हणाली, "पाच वर्षांची होतीस तेव्हापासून लोक काय म्हणतात ते तू मला सांगतेस, आणि मी विश्वास ठेवते. आता मी काय म्हणते ते यांना सांग. जसंच्या तसं. सही कुठे करायची?"

तेवढंसं वाक्य. पण ते जपानीत सांगायला त्या पोरीला फार वेळ लागला.