दिव्याचा वर्ग आणि उन्हाचा वर्ग

माझी शाळा तिसऱ्या इयत्तेत सुटली. तरी पुढे जन्मभर लोक माझ्यासमोर मान ताठ करून, श्वास धरून बसले. त्यात वकील होते, डॉक्टर होते, एकदोन रावसाहेबसुद्धा होते. मी 'हलू नका' म्हटलं की हलत नसत. ही बढाई वाटली तर वाटू द्या. पण हल्लीची पोरं येऊन विचारतात, आजोबा, फोटोग्राफीच्या कुठल्या वर्गात नाव घालू? जणू नाव घातलं की झालं. मला तर वर्ग निवडण्यातच घाम फुटला होता, तेवढं सांगतो.

मी तेव्हा लालबागेत मामांच्या खोलीत राहत होतो. कोकणातून मामांनीच आणलं. ते गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आपल्याच खात्यात त्यांनी मला साच्यावर, म्हणजे मागावर, उभा केला. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तिथेच. काम मला जमत होतं, पण मन लागत नव्हतं. एकदा मामांचा निरोप पोचवायला गिरगावात गेलो. तिथे एका फोटोवाल्याच्या दाराशी काचेच्या कपाटात एका कोळणीचा फोटो लावलेला होता. कानातले दागिने, कपाळावर आलेली बट, ओठाच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. आतून कोणी तरी ओरडलं, "काय रे, विकत घेणार आहेस का तिला?" मी निघालो, पण त्या दिवसापासून बूड टेकलं की पाय हलायला लागायचा. जेवतानासुद्धा. मामी म्हणायची, "पाय हलवू नको, दारिद्र्य येतं."

मला फोटो काढायला शिकायचं होतं आणि गिरणीही सोडता येत नव्हती. अशा माणसासाठी मुंबईत तेव्हा मला दोनच वर्ग सापडले. एक धोबीतलावाजवळ, संध्याकाळचा. शिकवणारे मास्तर कॉलेजात शिकलेले, भिंतीवर काळा फळा, आणि शेवटी सोनेरी शिक्का मारलेलं सर्टिफिकेट. दुसरा त्याच गिरगावातल्या फोटोवाल्याचा. तो म्हातारा फक्त रविवारी सकाळी शिकवायचा. सर्टिफिकेट नाही, काही नाही, वर शिव्या मिळतील असं त्यानेच सांगितलं.

आता कोणी म्हणेल, गिरणीला रविवारी सुटी, मग अडचण कुठे? सुटी होती ती कागदावर. रविवारी सकाळी साचे पुसायला जावंच लागे. आणि जॉबराची इज्जत त्याच दिवशी दिसे. कोणाची सगळी माणसं आली, कोणाची नाही, हे साहेब बघत फिरायचा. मामांचा सख्खा भाचाच आला नाही तर बाकीच्यांना ते कुठल्या तोंडाने बोलावणार? मी नुसता विषय काढला तर मामा म्हणाले, "मेल्या, साचे कोण पुसतलो? तुझो फोटोवालो?"

तेव्हा मी संध्याकाळचा वर्ग धरला. भोंगा झाला की तोंडावरचा कापूस झटकून चालत सुटायचो. मास्तर भला माणूस. गॅसच्या दिव्याखाली ते रसायनांची नावं इंग्रजीत लिहायचे. मला वाचता येत नव्हती, मी त्यांची चित्रं काढून घ्यायचो. एकाचं विंचवासारखं, एकाचं किटलीसारखं. शेजारी एका कापडवाल्याचा मुलगा बसायचा. माझा पाय हलला की बाक हलायचं, आणि तो म्हणायचा, "भूकंप झाला रे, पळा." असे आठवडे गेले. कॅमेरा एका कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला. एकदा मी उभा राहून विचारलं, "मास्तर, तो कधी उघडायचा?"

"आधी तत्त्व, मग यंत्र," ते म्हणाले.

"पण उघडला तरी इथे ऊन कुठून आणणार?"

वर्ग हसला. मी हसवण्यासाठी विचारलं नव्हतं. तेव्हा फोटो काचेवर निघायचा, त्या काचेला ऊन लागायचं, दिव्यावर काय निघणार? मास्तर म्हणाले, उन्हाचं पुढच्या सहामाहीत बघू. पुढची सहामाही! मला त्या रात्रीपर्यंतसुद्धा धीर नव्हता.

अशात मामांच्या मुलीचं लग्न निघालं. मामा चाळीत सांगत सुटले, "भाचो फोटोग्राफीक जाता. पोरीचो फोटो घरचोच." मला नाही म्हणता येईना आणि खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं. कापडवाल्याच्या मुलाकडे बापाने घेऊन दिलेला कॅमेरा होता, त्याचा त्याला कंटाळा आला होता. त्याने तो मला दिला, काच कशी भरायची तेही दाखवलं.

हळदीच्या दिवशी चाळीमागच्या मोकळ्या जागेत मुलीला पाटावर बसवली होती. अंगभर हळद, वर सकाळचं ऊन. सोन्याची केल्यासारखी दिसत होती ती. मामी म्हणाली, "न्हाऊ दे तिला, शालू नेसू दे, मग काढ." चार बायका म्हणाल्या, होय, तसंच कर. मी म्हटलं, नाही, आत्ताच. चार बायका सांगतात म्हटल्यावर तर मी मुळीच ऐकणार नव्हतो. काळं कापड डोक्यावर घेतलं, भिंगावरचं झाकण काढलं, मोजलं, झाकण लावलं.

वर्गाच्या अंधारखोलीत काच धुतली, दुसऱ्या दिवशी उन्हात कागदावर उतरवली आणि मला धडकी भरली. मुलगी काळीठिक्कर. तोंड, हात, गळा, सगळं काळं, कुंकवाच्या जागी जणू भोक. डोळ्यांतलं पांढरं तेवढं चमकत होतं. पाटाभोवतीचं गवतसुद्धा तिच्यापेक्षा उजळ.

मास्तरांनी फोटो बघितला आणि मान हलवली. "काचेला पिवळं आणि लाल दिसत नाही. म्हणून तर अंधारखोलीत लाल दिवा चालतो. हळद काळीच येणार."

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अर्थात. पुढच्या सहामाहीत आहे."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या क्रमाने ते बरोबर होते. पण माझी बहीण काळी झाली होती ती याच सहामाहीत. आणि माझंही मी आजवर चुकलं म्हटलेलं नाही. डोळ्यांना ती तेव्हाच सगळ्यांत सुंदर दिसत होती. काच आंधळी, त्याला मी काय करू?

घरी आकांत झाला. लग्नाच्या तोंडावर मुलीचं तोंड काळं म्हणजे अपशकुन, असं एकीने म्हटलं आणि मामी रडायला लागली. मामांनी फोटो उलटा करून ठेवला. लग्न काही अडलं नाही, मुलगी वाजतगाजत प्रभादेवीला सासरी गेली. पण मामा माझ्याशी बोलेनात. गिरणीत दुसऱ्या माणसाकरवी काम सांगायचे. शेवटी एकदाच म्हणाले, "बस झाला तुझा शिक्षण."

पुढच्या रविवारी सकाळी मी साचे पुसायला गेलो नाही. ती काच रुमालात बांधली आणि गिरगावात गेलो. म्हाताऱ्याने ती, ऊन यावं म्हणून केलेल्या काचेच्या छपराखाली, उजेडात धरली आणि असा हसला की त्याची कवळी सुटली. "हळदीत? गाढवा, हळदीत काढलास? अरे, आमच्याकडे नवरी आली की आधी मोरी दाखवतो, मग खुर्ची!"

"दुरुस्त होईल का?"

"होईल. काचेवर तोंडाच्या जागी पेन्सिल फिरवायची. टोक सुईसारखं, हात पिसासारखा. जेवढी पेन्सिल बसेल तेवढं कागदावर तोंड उजळेल. पण मी करणार नाही. तुझी बहीण, तू कर. रविवारी ये."

मी त्याला गिरणीचं सांगितलं. तो म्हणाला, "ते तुझ्या मामांना सांग, मला काय सांगतोस?"

मी तसाच गिरणीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. मामा बाहेर आले, मागे त्यांची माणसं. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "मामा, मला रविवार द्या. मुलीचं तोंड उजळून आणतो."

कोणी तरी मागे फिस्सकन हसलं. मामा त्याच्याकडे वळून म्हणाले, "दात काढू नको." मग मला, "तोंड उजळेपर्यंत. पुढे एक रविवार नाय."

पेन्सिल काही सोपी नाही. पहिल्यांदा मी गाल असे केले की मुलीला देवी आल्यासारख्या दिसल्या. म्हाताऱ्याने सगळं पुसायला लावलं. पुन्हा केले तर पिठात पडल्यासारखी दिसली. पुन्हा पुसलं. त्यातच त्याने मला छपराखालचे पडदे कसे ओढायचे, कुठल्या वेळी कुठलं ऊन घ्यायचं, माणसाचा हात कुठे ठेवायचा, हे सगळं शिव्यांसकट शिकवलं. माझा पाय तिथे हलत नसे. हे मला फार पुढे ध्यानात आलं.

अखेर मुलगी जमली. मी फोटो मामांच्या हातात दिला. मामीने डोळ्यांना पदर लावला. मामांनी तो खिडकीशी नेला, जवळ धरला, लांब धरला. "ह्यो तुझ्या म्हाताऱ्याचो हात. तुझो नाय."

इतक्या रविवारांनंतर हे ऐकायचं! मी म्हटलं, "मग तुम्हीच खुर्चीत बसा. मी काढतो, बघा."

"कधी?"

"ऊन असतं तेव्हा. रविवारी सकाळी."

त्या रविवारी साचे पुसायचं काम आपल्या खालच्या माणसाला सोपवून, कोट घालून, लालभडक पागोटं बांधून ते माझ्याबरोबर चालत गिरगावात आले. म्हातारा कोपऱ्यात स्टुलावर जाऊन बसला. मी मामांना खुर्चीत बसवलं, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावला.

"पागोटं काढा."

"खुळो झालंस? बोडक्यान बसू?"

"लाल आहे. काळं येईल. मुलीचं विसरलात?"

त्यांनी म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याने छपराकडे बघितलं. मामांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, तेही मी उचलून घेतलं आणि म्हाताऱ्याची पांढरी पगडी त्यांच्या डोक्यावर बसवली. मग कापडाखाली गेलो. काचेत मामा उलटे दिसत होते, खाली डोकं वर पाय, आणि त्यांचे ओठ हलत होते.

"बोलू नका, मामा."

"पण मी म्हणतंय..."

"श्वास धरा. हलू नका."

गिरणीत शंभर माणसांना हलवणारा तो माणूस दगडासारखा झाला. मी झाकण काढलं. घाई केली नाही. झाकण लावलं आणि म्हटलं, "हं, आता बोला."

मामांनी कोंडलेला श्वास सोडला, चिमट्यातून मान सोडवून घेतली आणि हात पुढे करून आपलं पागोटं परत मागितलं. "रविवार घे," ते म्हणाले. "पण सोमवारी भोंग्याआधी दारात दिसाक होयो."