वाढवलेली बांगडी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत कुणी ‘नजर लागली’ म्हणालं, की मी आधी बीपी तपासायला पाठवते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू यायला हवं... पण येत नाही.

माझी मावशी गव्हाणची. मासळी विकायची, आवाज अख्ख्या बाजारात ऐकू जायचा. खूप वर्षांपूर्वी काकांच्या – तिच्या नवऱ्याच्या – छातीत कळ आली, तेव्हा अर्धं गाव गाडी काढून दारात उभं. काका तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. बायपास झाली आणि महिन्याभरात खणखणीत! तेव्हापासून दरवर्षी त्या ऑपरेशनच्या दिवशी मावशी हिरव्या बांगड्या भरायची, सोनेरी ठिपक्यांच्या.

मग तिचं सुरू झालं. जबडा दुखायचा, पाठ भरून यायची, दोन पायऱ्या चढली की धाप. छातीत कळ मात्र नाही, म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं – पित्त. काका म्हणायचे, “बायकांना कंचा हार्टचा त्रास?” मावशीही आलं-लिंबू चाटून टोपली उचलायची. याचा मला आजही संताप येतो. पासष्टीला आल्यावर एके सकाळी ती बाजारातच कोसळली.

सर्जन सरळ बोलले. “काकांच्या वेळी वय हाताशी होतं. बायका बऱ्याचदा उशिरा येतात, वय झाल्यावर. त्यात यांच्या रक्तवाहिन्या फार बारीक आहेत. ऑपरेशन करतो, पण आशा कमी आहे.”

ऑपरेशनच्या सकाळी बांगड्या काढायच्या होत्या. मी स्वतः साबण लावून पाहिला, पण हात सुजलेले. सिस्टर म्हणाली, “फोडाव्या लागतील.”

“फोडाव्या नाय गो बाय, वाढवाव्या म्हन,” मावशी तेवढ्यातही फणकारली. “माजा मानूस जिता हाय.” मग काकांकडे वळून म्हणाली, “मी गेली त बांगड्यांनीच जाईन. उघड्या हातानं नाय.”

सिस्टरने कापडात धरून एकेक बांगडी वाढवली. काकांनी सगळे तुकडे रुमालात बांधून खिशात ठेवले. मी तिचे दोन्ही हात पुसले. दोन्ही मोकळे होते, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला आयसीयूत सोडलं. मावशी शुद्धीवर नव्हती. तेवढ्यात सिस्टर माझ्यावरच खेकसली – “हातात बांगडी कोणी घातली? कळत नाही का?”

चादर बाजूला होती. डाव्या मनगटात एक हिरवी बांगडी. अखंड. सोनेरी ठिपके. हात तर कालच्यापेक्षाही सुजलेला, बोटंसुद्धा मिटत नव्हती. सिस्टरने ओढून पाहिली, ती जागची हलेना. काकांनी खिशातून रुमाल काढला. गाठ तशीच होती, आत तुकडे.

“वाढवू का?” सिस्टरने विचारलं. या वेळी तिने शब्द बरोबर वापरला.

काकांनी रुमाल परत खिशात ठेवला. “नको,” एवढंच म्हणाले. मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं. संध्याकाळी मावशी गेली.

गव्हाणला बायकांनी सवाष्णीसाठी हिरव्या बांगड्या आणल्या. सगळ्यात मोठ्या मापाचीही तिच्या हातात चढेना. शेवटी त्या एकाच बांगडीवर तिला निरोप दिला.

सिस्टरच्या नजरेतून एक सुटली असेल? मग मी पुसले ते हात कोणाचे?

परवा काकांना चेकअपला नेलं होतं. रिपोर्ट उत्तम. बाहेर आल्यावर त्यांनी खिशातला तो रुमाल चाचपला आणि म्हणाले, “डॉक्टर बोलतो, अजून पंदरा वर्सं चालंल माजं हार्ट.”

मग माझ्याकडे बघून म्हणाले, “काय करू गो बाय त्याचं?”