बशीच्या कडेवरची नावे

तांडेल कुणाच्याही घरी गेले तरी अर्धाच कप चहा घ्यायचे. कोणी भरून आणलाच तर कपाच्या मध्यावर बोट टेकवून म्हणायचे, "हांगासर. वयलो काड." मी नवीन लग्न होऊन गोव्यातल्या सर्वण गावात आले तेव्हा मला वाटायचे, यांना पित्त असेल. मग कळले, राहिलेला अर्धा कप ते आमच्या समोरच्या घरी जाऊन पितात. आमच्या घरी माझे सासरे आबा एका पक्षाचे, समोरचे नाना दुसऱ्या पक्षाचे. मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. पण आमच्याकडे कोणी भरलेला कप प्यायला की तो माणूस आमचा झाला, असे समोरच्या घरी धरले जाई. तांडेलांचे म्हणणे वेगळे होते. "एकेच कुशीक भर घाली जाल्यार बार्ज कलंडटा. पोटाचेंय तशेंच."

त्यांचे सगळे आयुष्य बार्जीवर गेले होते. डिचोलीच्या खाणींची लाल माती, म्हणजे लोखंडाचे खनिज, नदीतून मुरगाव बंदरावर न्यायची आणि मोठ्या जहाजाला द्यायची. बार्जीवरच्या लोकांचा प्रमुख तो तांडेल. काम सोडून गावात परत आले तरी पाय फाकवून, जमीन हलते आहे असे चालत. शाळेत कधी गेले नव्हते. सही तेवढी गिरवून शिकले होते, आणि ती करताना जीभ बाहेर यायची.

ती माती जपानला जायची. तिकडच्या एका जहाजावर एक स्वयंपाकी होता. त्याची आणि तांडेलांची भाषा एक नव्हती, पण जहाज भरायला दिवस लागत, आणि दोघेही वर्षानुवर्षे तिथेच भेटत. एकदा उकाड्यात त्याने सदरा काढला. पाठीची कातडी वितळून पुन्हा थिजल्यासारखी. तांडेलांनी हातानेच विचारले, काय हे? त्याने आकाशाकडे बोट दाखवले. मग आई एवढी, बहीण एवढी, दुसरी एवढी, असे हाताने दाखवून तळहातावर फुंकर मारली आणि रिकामा तळहात तांडेलांपुढे धरला.

ही गोष्ट तांडेल आमच्या ओट्यावर किती वेळा सांगायचे. सांगून झाली की ते स्वतःचा तळहात बघत बसायचे. आबा म्हणायचे, "पुरो रे तांडेला, च्या निवता." तांडेल म्हणायचे, "निवूंदी. आबा, तांची घरां आमच्या मातयेचीं. तीं जळ्ळीं म्हणजे आमचेंच जळ्ळें."

भाषेचा वाद पेटला ते दिवस. रस्त्यावर झाडे आडवी पडत होती, बसगाड्या बंद होत होत्या. मराठीसाठी कागद, कोकणीसाठी कागद, सगळीकडे सह्या. मग गोवा राज्य होणार अशी बातमी रोज येऊ लागली, आणि त्यापाठोपाठ निवडणूक येणार म्हणून पक्षांची धावपळ. अशात तांडेल एक वेगळाच कागद घेऊन फिरू लागले. शाळेच्या मास्तरांकडे दहादा खेपा घालून त्यांनी तो लिहून घेतला होता. त्यात एवढेच होते, की पणजीला दोन्ही पक्षांच्या आमदारांनी एकत्र उभे राहून दिल्लीला सांगावे: अणुबाँब जगात कोणीच करू नये, आपणही करू नये, आणि तो घेतलेले जहाज आमच्या मुरगावात लागू नये.

दुकानावर लोक हसायचे. "तांडेला, बाँब सर्वणांत पडटलो काय रे?"

"पडटा तेन्ना तो पक्ष विचारिना," तांडेल म्हणायचे आणि पुढच्या दारी जायचे.

गावाचे लोक सही करणार ते आबांनी आणि नानांनी केल्यावर. आबा म्हणत, "आदीं ताणें करूंदी." नाना म्हणत, "ताची वयर आनी माजी सकयल? जमचें ना." आबांचे नाव वर आणि आपले खाली, हे त्यांना चालणार नव्हते. आठ दिवस तांडेल ही वाट ओलांडत होते, अर्धा कप इकडे, अर्धा तिकडे. नवव्या दिवशी त्यांनी चहा पिऊन बशी पालथी कागदावर ठेवली आणि पेन्सिलीने तिच्याभोवती गोल ओढला. "आतां सांग आबा, बशयेक वयर खंय आनी सकयल खंय? कडेर सय कर." आबा पहिल्यांदाच मोठ्याने हसले. त्यांनी गोलाच्या कडेवर सही केली. तीच बशी आणि तोच कागद घेऊन तांडेल समोर गेले, आणि नानांनी पलीकडच्या कडेवर केली. आमची बशी ते धुऊन परत द्यायला आले तेव्हा एवढे खूश होते, की मला वाटले आता भरलेला कप मागतील. मागितला नाही.

त्यानंतर ते घरोघर फिरले. आमच्याकडे आले तेव्हा मी अंगणात भिरंडे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून सोले वाळत घालत होते. घरात दुसरे कोणी नव्हते. हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

"गो बाय, तुजेंय नांव घालूं?"

मी नाही अशी मान हलवली. खरे तर मला त्या कागदावर माझे नाव हवे होते. त्या जपानी माणसाच्या बहिणी माझ्या मनातून जात नव्हत्या. पण आमच्या घरात सही म्हणजे आबांची. बाईमाणसाने कागदावर नाव लिहिले तर काय म्हणतील, ही भीती होती. तांडेलांना वाटले, हिला लिहिता येत नाही. त्यांनी शाईचा डबा उघडला. "सय येना जाल्यार आंगठो मार. भियेव नाका. सय कोणय खोटी करता, आंगठो खोटो नासता."

मी चौथी शिकले आहे. मास्तर माझी पाटी वर्गाला दाखवायचे. ते तेव्हा सांगायला एकच वाक्य लागले असते. पण माझ्या मनात आले, अंगठा बरा. उद्या आबा ओरडलेच तर म्हणता येईल, मला काय कळते, दे म्हणाले आणि दिला. सही केली तर तसे म्हणता येणार नाही. मी पदराला हात पुसला आणि अंगठा दिला. त्यांनी शेजारी माझे नाव अक्षर अक्षर कोरून लिहिले. शाईच्या कडेला भिरंडाचा लाल डाग उमटला तो त्यांनी फुंकर घालून वाळवला.

दोन-तीन दिवसांतच वरून माणसे आली. आबांना त्यांच्या लोकांनी विचारले, निवडणूक तोंडावर असताना तुम्ही त्यांच्याबरोबर सही कशी केली? नानांनाही तेच. दोघांना नाव काढून घ्यायचे होते, पण आधी कोणी काढायचे? म्हणून देवळाच्या मंडपात गाव बसले आणि कागदात खोट शोधू लागले. आम्ही बायका खांबामागे उभ्या होतो.

एकेक नाव वाचत नाना माझ्या नावावर आले. "ही आबाची सून मगो? आमगेर मनीऑर्डर आयली काय तिचो कागद कोण वाचून दाखयता? हीच. शिकिल्ल्या बायलेचो आंगठो कित्याक? तांडेला, हे आंगठे कोणाचे रे?"

मंडपात एकदम गलका झाला. आबांनी मला पुढे बोलावले. घरात ते माझ्याशी दोन शब्दांपेक्षा जास्त बोलत नसत. "हो आंगठो तुजो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तांडेलही बघत होते, पण त्यांना काळजी दिसत नव्हती. होडीला दोर टाकून माणूस निवांत उभा राहतो तसे. माझ्या नखाच्या कडेला अजून शाई होती. मी अंगठा मुठीत घेतला, मूठ पदरात घेतली आणि मान हलवली. नाही.

तांडेलांनी एकदा माझ्या मुठीकडे पाहिले. मग कागदावरच्या त्या लाल डागाकडे. मी तेव्हा एक शब्द बोलले असते तरी पुरे होते. ते उठून म्हणाले, "चूक माजी. म्हातारपण. हाताक शाय आशिल्ली, माजोच आंगठो लागलो आसतलो."

कागदच खोटा ठरला, तसे आबांनी आणि नानांनी एकाच वेळी आपापली सही खोडली. कोणी आधी, कोणी मागून, हा प्रश्नच राहिला नाही.

पोरे त्यांना 'आंगठेकार' म्हणू लागली. नानांच्या घरी त्यांचा चहा बंद झाला. आमच्याकडे ते अधूनमधून येत, आणि मी कप भरून द्यायचे. ते अर्धा पीत, बाकीचा तसाच ठेवत, आणि उठताना समोरच्या दाराकडे एकदा बघत. माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

पावसाळ्यानंतर त्यांची मुलगी त्यांना वास्कोला न्यायला आली. निघताना ते माझ्या दारात थांबले. पत्र्याच्या नळीत गुंडाळलेला तोच कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी आपणहून बोलले. "मामा, तो अंगठा माझाच."

"म्हाका खबर आसा गो. भिरंडाचो डाग सोड, हांव तुज्याच फुडें बशिल्लों मगो?" ते हसले. मग थोडे थांबून म्हणाले, "पूण तुका बरोवंक येता, हें म्हाका त्या दिसा मंडपांत कळ्ळें. आदीं सांगिल्लें जाल्यार हांव मास्तराच्या पांयां कित्याक पडटलों? सगळो कागद तुजेच कडल्यान बरोवन घेतलो आसतो. तूं बरें बरयतली आशिल्ली."

'तू चांगले लिहिले असतेस', याइतका दुसरा कोणताही शब्द मला लागला नसता. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. दोन वर्षांनी वास्कोहून निरोप आला, तोही दहावा झाल्यावर.

बऱ्याच वर्षांनी आपल्या देशाने वाळवंटात बाँब उडवला. त्या दिवशी समोरच्या घरातून आमच्याकडे पेढे आले, आमच्या घरातून समोर गेले. आबा आणि नाना तोपर्यंत गेले होते. त्यांचे मुलगे वाटेच्या मधोमध उभे राहून एकमेकांना भरवत होते. जे तांडेलांना जन्मभर जमले नाही ते असे झाले. माझ्या नवऱ्याने मलाही पेढा दिला. मी 'नको' म्हटले नाही. खाल्ला.

मग आत जाऊन ट्रंकेतून ती नळी काढली. बशीचा गोल अजून तसाच आहे. कडेवर दोन खोडलेल्या सह्या, आणि खाली गावाच्या नावांमध्ये माझा अंगठा. शाई फिकी झाली आहे, पण भिरंडाचा डाग तपकिरी होऊन तसाच राहिला आहे. मी मुलाचे पेन घेतले आणि अंगठ्याच्या बाजूला माझी सही केली. सगळे नाव, स्पष्ट.

मग तो कागद समोर घेऊन बसून राहिले. तो आता कुठे पाठवायचा, हे सांगणारा माणूस एकच होता.