पात्यासमोरचे मामा

“पातं खाली येताना घर आठवलं, की बोट गेलंच समज,” असं छापखान्यात कागद कापणारे मामा प्रत्येक नव्या माणसाला बजावत. त्यांची स्वतःची दहाही बोटं तीस वर्षं शाबूत होती. डॉक्टरांनी बायकोचा महिनाभराचाही भरवसा दिला नाही, तरी ते रोज कामावर येत. तिच्या उशाशी बसलं की तिच्यानंतरचं रिकामं घर दिसे. इथे फक्त पातं दिसे.

आज मात्र पुस्तकांचा गठ्ठा कापताना ओळींचीच टोकं छाटली गेली.

“लेखकाची जीभच कापलीत की, मामा!” बाइंडिंगवाली हसली. मग त्यांचा चेहरा बघून हळूच म्हणाली, “मामी आज आहेत ना? मग आज इथे काय करताय?”

मामांनी मशीन बंद केलं आणि ते बाहेर पडले.