वेळवखताची चाकं

जगातली कुठलीही चांगली वस्तू वापरून खराब करू नये, या एका तत्त्वावर उभा जन्म काढलेला माणूस मी पाहिला आहे आणि तो माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा होता. चिखलीजवळ त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. आम्ही त्यांना मावसाजी म्हणत असू. त्यांच्याकडे एक सुंदर छत्री होती, पण ती पावसात उघडलेली कुणी पाहिली नव्हती. पाऊस आला की मावसाजी छत्री सदऱ्याच्या आत घालत आणि स्वतः चिंब होऊन घरी येत. नव्या वहाणा ते काखेत मारून बाजारापर्यंत नेत, तिथं पायात घालत आणि परतताना पुन्हा काखेत मारत. घरात कप-बश्यांचा एक गुलाबी फुलांचा संच होता. तो फळीवरून काढण्याच्या तोलाचा पाहुणा बावीस वर्षांत आला नव्हता. कारण विचारलं तर उत्तर एकच, "वेळवखताले लागन." हा वेळवखत कसा दिसतो, कुठून येतो, आला तर ओळखायचा कसा, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. लग्नातलं नागपुरी काठाचं धोतर पुतण्याच्या लग्नात तरी नेसा म्हणून मावशीनं पाठ धरली, तेव्हाही ते म्हणाले, "याच्याहून मोठा वखत येईन." मावशी मला म्हणाली, "नशीब माहं बाप्पा, मले पेटीत नाई ठेवलं."

अशा माणसानं जीप घ्यायची ठरवली, त्याला कारण त्यांची थोरली बहीण होती. तिला सगळे अक्का म्हणत. ती दिली होती जळगाव जामोदच्या पुढं, पार सातपुड्याच्या पायथ्याशी. तिच्या गावचा रस्ता म्हणजे तीन कोस काळी माती आणि शेवटी एक नाला. आषाढ लागला की ते गाव दिवाळीपर्यंत जगातून उठायचं. त्यामुळे भाऊबीज व्हायची, पण श्रावणातली राखी कधीच झाली नव्हती. अक्का बिचारी ज्येष्ठातच पोस्टानं राखी धाडून द्यायची. मावसाजी ती बांधत नसत. "राखी बहिनीनं बांधाची असते, पोस्टमननं नाई," असं म्हणून ते ती बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात ठेवत. असे अकरा श्रावण गेले. मग एका वर्षी शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं अक्काचं कार्ड आलं. त्यात एवढंच होतं, "मी आता थकली. एकडाव तरी राखीले ये." मावसाजींनी ते कार्ड तीन दिवस खिशात वागवलं आणि चौथ्या दिवशी मला म्हणाले, "मास्तर, चारही चाकं वढनारी गाडी असते म्हनतेत. पाहू बे एखादी."

मी तेव्हा चिखलीच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो आणि मोटारीतलं मला काडीचंही कळत नव्हतं. तरी आम्ही आठ महिने लष्कराच्या लिलावातून आलेल्या जुन्या जिपा पाहत हिंडलो. पहिलीच जीप इतकी उत्तम निघाली की मावसाजींनी तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, हात लावून पाहिला आणि नाकारली. मी चकित होऊन कारण विचारलं. म्हणाले, "लई चांगली हाये. चालवू नाई वाटनार." दुसरी इतकी खिळखिळी होती की तिचा मालकच आम्हाला घेऊ नका म्हणाला. शेवटी खामगावात, कापसाच्या एका जिनिंगमागच्या मिस्त्रीच्या अंगणात, आमची जीप आम्हाला भेटली. मावसाजी तिलाही नाक मुरडणार होते, तेवढ्यात त्यांना आत पितळेची एक पट्टी दिसली. तिच्यावर इंग्रजी अक्षरं होती. "मास्तर, वाच." मी वाचलं आणि वर्गात सांगावं तसं मराठीत सांगितलं, "पुढची चाके केवळ कठीण प्रसंगीच जोडावीत."

मावसाजींनी मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं, मग आणखी एकदा. त्यांचा चेहरा असा फुलला की मुलीला मनासारखं स्थळ मिळाल्यावरच बापाचा तसा फुलतो. "कठीन प्रसंगी म्हंजे वेळवखताले, असं सरळ म्हन ना," ते म्हणाले. "पाह्य, सायबालेई समजते." सौदा जागच्या जागी झाला. मिस्त्रीनं निघताना पुढची चाकं जोडायचा छोटा दांडा दाखवला आणि बजावलं, "महिन्यातून एकडाव हा वढत जा मालक, नाईतं जाम होऊन जाईन." मावसाजींनी मान हलवली आणि घरी पोचल्यावर पहिलं काम केलं ते त्या दांड्याला मऊ कापड गुंडाळून वरून सुतळी बांधण्याचं.

मग तयारी सुरू झाली. गादीच्या आसनावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर सतरंजी, सतरंजीवर गोणपाट, आणि गोणपाटावर मावसाजी इतके उंच बसले की त्यांचं डोकं टपाला लागायचं. नवं टायर घेतलं ते जादाच्या चाकाला घालून धोतराच्या जुन्या पानात बांधून ठेवलं, आणि चारही घासलेली टायरं रस्त्यावर राहिली. दोन फावडी, एक घमेलं, गाडी ओढायला नाडा, कंदील, फुटाणे, गुळाची ढेप आणि चिखलात चाकाखाली घालायला तुराट्यांचा भारा, असं सगळं मागं रचलं गेलं. मावसाजी गाडी चालवायलाही शिकले, पण गिअर दोनच वापरत. तिसरा वेळवखताला. हॉर्नही त्यांनी राखून ठेवला होता. समोर माणूस आला की स्वतःच डोकं बाहेर काढून "ओ भाऊ, सरका" म्हणून ओरडत. इतकं झालं आणि श्रावण आला, तर ते म्हणाले, "पावसात गाडी खराब होईन, औंदा राहू द्या." बहिणीसाठी घेतलेली गाडी तो अख्खा पावसाळा गोठ्यात कोरडी उभी राहिली. डब्यात बारावी राखी पडली. पुढच्या श्रावणात मात्र मावशीनं पेटीतून नागपुरी धोतर स्वतः काढलं, त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "अक्का काई पेटीत ठेवल्यावानी राहनार नाई. निघा." मग धोतर नेसून तेही निघाले, बरोबर मावशी आणि मी. त्या वर्षीची तेरावी राखी धरून डबा मावशीनं मांडीवर घेतला.

चिखलीहून आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये निघालो, आणि त्याच गिअरमध्ये खामगाव, पूर्णा नदी आणि जळगाव जामोद मागं टाकलं. वाटेत दोन बैलगाड्यांनी आम्हाला ओलांडलं. पुढं काळी माती लागली आणि गाडी पहिल्याच वळणावर रुतली. मी म्हणालो, "मावसाजी, आता तं लावा पुढचे चाकं." त्यांनी चिखल निरखून पाहिला. "हा काई वखत नाई. याच्याहून मोठा असन पुढं." धोतर नेसलेलं असल्यानं ते आसनावरून हलणं शक्यच नव्हतं. मी आणि मावशी उतरलो, तुराट्या घातल्या, ढकललं. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मावशी गुडघाभर चिखलात उभी राहून मला म्हणाली, "मास्तर, हे गाडी चार चाकानं चालून राह्यली का आपल्या चार पायानं?"

शेवटी नाला आला. पलीकडच्या काठावर गाव होतं, आणि काठावरच ताट घेऊन अक्का उभी होती. दुसऱ्या गिअरमधली गाडी कोसभर आधीपासून ऐकू येते, त्यामुळे ती केव्हाची येऊन थांबली होती. आम्ही उतारावर लागलो आणि गाडी थेट पोटापर्यंत बसली. तुराट्या संपल्या होत्या. मावसाजींनी समोर बहिणीकडे पाहिलं, मग सुतळी सोडली, कापड उलगडलं, त्या दांड्याला हात जोडले आणि तो ओढला.

दांडा हलला नाही. मी ओढला, आम्ही दोघांनी मिळून ओढला, मावशीनं मागून मला धरून ओढलं. गाडी घेतल्यापासून एकदाही न हललेला तो दांडा जागच्या जागी गंजून बसला होता. "मिस्त्री महिन्याले एकडाव वढा म्हने," मी म्हणालो. "म्हने," मावसाजी म्हणाले आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिले. इतक्या वर्षांत त्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांची फार दया आली.

पलीकडून अक्का ओरडली, "तू नको उतरू, धोतर भरन. मीच येतो." आणि लुगड्याचा काष्टा वर खोचून ती थकलेली म्हातारी खरोखरच उतार उतरू लागली. शेवटी तीही त्याच घरातली होती. मावसाजींनी एकदा धोतराकडे पाहिलं. "थांब अक्का, तिथंच थांब," म्हणत त्यांनी गोणपाटावरून उडी टाकली. ते मांडीपर्यंत काळ्या चिखलात गेले, मावशीकडून डबा घेऊन डोक्यावर धरला आणि नाल्यात शिरले. तीस वर्षं जपलेलं ते नागपुरी धोतर त्यांच्यामागं पाण्यावर पसरलं होतं.

पलीकडे एका दगडावर बसवून अक्कानं त्यांना राख्या बांधल्या. मनगट भरलं, मग कोपर आला, तरी डब्यात राख्या होत्याच. काहींचे गोंडे विटले होते. दोघंही हसत होते आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं. शेवटची राखी हातात आली तेव्हा मावसाजी सवयीनं म्हणाले, "एवढी राहू दे अक्का, पुढच्या सालाले होईन." अक्का म्हणाली, "हात पुढं कर."

दुसऱ्या दिवशी गावच्या बैलांनी गाडी बाहेर काढली. खामगावच्या मिस्त्रीनं रॉकेल आणि हातोडी घेऊन तासाभरात दांडा मोकळा केला. पुढच्या चैत्रात अक्का गेल्याचा निरोप आला, तेव्हा आम्ही त्याच जिपेतून गेलो. मावसाजींनी त्या दिवशी तिसरा गिअर टाकला. तीन कोस रस्ता कोरडा ठणठणीत होता, नाल्यात पाणी नव्हतं, आणि पुढची चाकं लागली नाहीत.

धोतरावरचा काळ्या मातीचा डाग काही निघाला नाही. मावशीनं रिठा लावून पाहिला, सोडा लावून पाहिला, आणि शेवटी मावसाजीच तिला राहू दे म्हणाले. त्यानंतर ते धोतर ते कधीही नेसत. मळ्यात पाणी द्यायला नेसत, बाजारात वांगी विकायला नेसत. मी एकदा त्यांच्याकडे सहज म्हणून गेलो, तर मावशीनं माझ्या हातात गुलाबी फुलांच्या कप-बशीतून चहा दिला. मी मावसाजींकडे पाहिलं. "पी बे," ते म्हणाले, "थंडा होऊन राह्यला."